कोकणातल्या कौलारू घराची पन्हळ: कशासाठी आणि कशाची?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रापासून दोनेक किलोमीटरवर आपले जांभ्या दगडाचे, मंगलोरी कौलांचे वडिलोपार्जित घर आहे. आजोबांच्या काळात त्याला पन्हळ नव्हती. आता मिस्त्री जस्ती पत्र्याची पन्हळ सुचवतो, धाकटे बंधू पीव्हीसीची म्हणतात, आणि आपल्याला मात्र शंका आहे की हा खर्च करावा तरी का. मी याच पट्ट्यात गेली पंचवीस वर्षे छपरांची कामे करत आलो आहे. माझा अनुभव असा की पन्हळ पत्र्याची असो वा पीव्हीसीची, ती बहुतेक वेळा पत्र्यामुळे किंवा पीव्हीसीमुळे बिघडत नाही. पाणी कुठून उचलायचे आणि कुठे नेऊन सोडायचे हे न ठरवता ती टांगली जाते म्हणून बिघडते. त्यामुळे कशाची हा प्रश्न थोडा मागे ठेवून कशासाठी या प्रश्नापासून सुरुवात करतो.

आजोबांच्या घराला पन्हळ नव्हती, यात त्यांचे काही चुकले नव्हते. त्या घराला चारही बाजूंनी पडवी असे, वळचण भिंतीपासून चांगली लांब येई, जोते उंच असे आणि पागोळ्या जिथे पडत तिथे चिऱ्यांची किंवा गुंडगोट्यांची पट्टी असे. पावसाच्या बाजूला माडाच्या झावळ्यांचे झाप उभे करत आणि पावसाळा सरला की जमीन पुन्हा चोपून सारवत. म्हणजे पन्हळीचे काम लांब वळचण, दगडांची पट्टी आणि दरवर्षीची मेहनत ही तिघे मिळून करत होती. आता पडव्या बंद करून खोल्या झाल्या, वळचण भिंतीच्या जवळ आली, अंगणात सिमेंट किंवा फरशी आली आणि झाप विणणारे हातही राहिले नाहीत. पाऊस मात्र तेवढाच आहे.

तो किती, हे एकदा आकड्यांत पाहावे. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होते. आपल्या घराची एक बाजू १२ मीटर लांब आणि आढ्यापासून वळचणीपर्यंतचे आडवे अंतर ४ मीटर धरले, तर त्या एका उताराचे क्षेत्र ४८ चौरस मीटर होते. हे अंतर कौलांवरून मोजायचे नाही, जमिनीवर सावली पडावी तसे सपाट मोजायचे. कोकणात हंगामात ३,००० मिलिमीटर पाऊस ही काही नवलाची गोष्ट नाही. तेवढ्या पावसात या एका उतारावरून सुमारे १,४४,००० लिटर पाणी खाली येते, आणि ते अंगणभर पसरून पडत नाही, १२ मीटर लांबीच्या एकाच रेषेवर पडते. त्या रेषेच्या प्रत्येक मीटरवर १२,००० लिटर, म्हणजे २०० लिटरची ६० पिंपे, तीही दरवर्षी त्याच जागी. त्या रेषेत जमिनीला खाच पडते ती उगीच नव्हे.

ही खाच दिसते म्हणून लोक तिच्यात खडी टाकतात. खरे नुकसान तिच्या शेजारी भिंतीवर होत असते. पागोळी जमिनीवर आपटली की शिंतोडे गुडघ्याच्या वरपर्यंत उडतात. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर जोत्यापासून हात-दीड हात उंचीचा तांबड्या मातीचा पट्टा असतो, तो याच शिंतोड्यांचा. जांभा सच्छिद्र दगड आहे. तो पाणी पितो आणि उघडा असेल तर ते परत सोडतोही. पण त्यावर बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला असेल, तर आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट उरत नाही, मग ती घराच्या आतल्या बाजूने बाहेर येते. दिवाळीला दिलेला रंग पुढच्या श्रावणात पोपडे धरून सुटतो तेव्हा लोक रंगाला आणि रंगाऱ्याला दोष देतात. मी अशा घरी गेलो की आधी बाहेर जाऊन वळचण पाहतो. जुन्या भिंती मातीत रचलेल्या असतील तर जोत्यालगत मुरणारे पाणी दरजांतली माती हळूहळू धुऊन नेते आणि भिंत बसू लागते. पन्हळीचे पहिले काम हे पाणी जोत्यापासून लांब नेण्याचे आहे. अंगण कोरडे राहणे, दारात उभे राहिल्यावर डोक्यावर पागोळी न पडणे आणि शेजाऱ्याच्या कुंपणात आपले पाणी न जाणे, हे सगळे त्यानंतर येते.

दुसरे मोठे काम पाणी साठवण्याचे. एवढा पाऊस पडूनही मे महिन्यात कोकणातल्या कित्येक वाड्यांत टँकर येतो. त्याचे कारण जांभ्यातच आहे: पाणी त्यात झटकन मुरते आणि तितक्याच झटकन उताराने निघून जाते. म्हणून पन्हळीचे पाणी गाळणखड्ड्यातून विहिरीत सोडणे चांगले असले, तरी जुलैत भरून वाहणाऱ्या विहिरीत घातलेले ते पाणी मेपर्यंत तिथे थांबेल अशा भरवशावर राहू नये. मेसाठी टाकीच हवी. चार माणसांच्या घरात पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला २० लिटर धरले तर ९० दिवसांना १,८०० लिटर लागतात. म्हणजे २,००० लिटरची एक बंद, काळोखी टाकी पुरते. आंघोळ, कपडे, भांडी सगळे धरून माणशी १०० लिटर म्हटले, तर तेच गणित ३६,००० लिटरवर जाते आणि खर्च वेगळ्याच पायरीवर पोहोचतो. माझा सल्ला लहान टाकीचा आहे, आणि ती जूनमध्ये भरू नये. सुरुवातीच्या पावसाने छपरावरची धूळ, पाखरांची घाण आणि शेवाळ धुऊन येते, ते पाणी बाजूला सोडावे. टाकी हस्ताच्या पावसावर भरावी, कारण तोवर कौले चार महिने धुतली गेलेली असतात. आणि तेव्हासुद्धा प्रत्येक सरीचे पहिले पाणी वगळण्यासाठी नळाला तोटी ठेवावी. छपराचा काही भाग जुन्या ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पत्र्याचा असेल, तर त्या भागाचे पाणी पिण्याच्या टाकीकडे वळवू नये. पिण्याचे पाणी अर्थात गाळून, उकळूनच घ्यावे.

आता रुंदी. इथे एक गैरसमज सर्रास आढळतो की कोकणात पाऊस जास्त म्हणून पन्हळ मोठी आणि पुण्यात पाऊस कमी म्हणून लहान. पन्हळीची रुंदी वर्षाच्या पावसावर ठरत नाही, पाच-दहा मिनिटांच्या जोरदार सरीवर ठरते, आणि तशी सर पुण्याचा मे महिन्यातला वळीवही देतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तो २४ तासांत सारखा वाटला तर तासाला ३९ मिलिमीटरच भरतो. प्रत्यक्षात त्यातला बराचसा दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला. म्हणून दिवसाच्या सरासरीवर हिशेब करू नये. मी तासाला १५० मिलिमीटरचा वेग धरतो. त्या वेगाने आपल्या ४८ चौरस मीटरच्या उतारावरून तासाला ७,२०० लिटर, म्हणजे सेकंदाला २ लिटर पाणी येते. ६ इंची अर्धगोल पन्हळ, एका टोकाला एकच पाइप असताना, साधारण तेवढेच पाणी वाहून नेते. म्हणजे हिशेब जेमतेम जुळतो, आणि चार पाने अडकली की तोही मोडतो. यावर उपाय पन्हळ ८ इंची करण्याचा नाही. पन्हळ मध्यभागी उंच ठेवून दोन्ही टोकांना पाइप द्यावा, म्हणजे प्रत्येक अर्ध्या भागाला सेकंदाला १ लिटरच झेपवायचे राहते. ५ इंची पन्हळही मग गणितात बसते, तरी मी ६ इंचीच घालतो, कारण ६ इंचीत हात घालून पाने काढता येतात. खाली उतरणारा पाइप ११० मिलिमीटरचाच घ्यावा. ७५ मिलिमीटरचा पाइप पाण्याला पुरतो, फणसाच्या पानाला पुरत नाही.

उताराबाबत घरमालकांशी माझे दरवेळी थोडे वाजते. दहा मीटरला पाच सेंटिमीटर एवढा उतार पुरेसा असतो, पण समोरून पाहिल्यावर पन्हळ तिरकी दिसते आणि ती सरळ करा असा आग्रह होतो. एकदा मी तो आग्रह मानला. पन्हळ वळचणीला अगदी समांतर बसवून दिली आणि दिसायला ती देखणी झाली. जुन्या घराची वळचण मात्र मध्येच दोन बोटे खचलेली होती, त्यामुळे पन्हळीच्या पोटात वीतभर लांबीचे डबके कायमचे साचून राहिले. ऑगस्टमध्ये त्या घरात डास का वाढले ते कोणाला कळेना. मी शिडी लावून वर पाहिले तर त्या डबक्यात अळ्या वळवळत होत्या. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. तेव्हापासून मी वळचणीच्या रेषेवर विश्वास ठेवत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी काढावी, दोरी ताणावी आणि पन्हळ दोरीप्रमाणे बांधावी.

टांगण्याच्या दोन बारीक गोष्टी मिस्त्रीला आवर्जून सांगाव्यात. पहिली अशी की कौलाचे टोक पन्हळीच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांशापर्यंत आत यायला हवे; ते कमी आले तर वाऱ्याने पाणी मागच्या फळीवर जाते, जास्त आले तर जोराच्या सरीत पाणी पन्हळीवरून उडी मारून पुढे पडते. दुसरी अशी की पन्हळीची पुढची कड मागच्या कडेपेक्षा थोडी खाली असावी. कधी ना कधी पन्हळ भरून वाहणारच आहे; तेव्हा ते पाणी अंगणात पडू दे, भिंतीवर नको. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही म्हणतात, पण मागची कड खाली ठेवून तुंबलेली पन्हळ ते निदान वाशांच्या टोकांपर्यंत चढवते, आणि वाशांची टोके कुजली की पन्हळ, फळी आणि कौलांची शेवटची ओळ एकाच वेळी खाली येते. पन्हळ धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांमधले अंतर पीव्हीसीला दीड फूट आणि पत्र्याला दोन फूट ठेवावे. छापील माहितीत यापेक्षा जास्त अंतर दिलेले असते, पण ती माहिती लिहिणाऱ्याने पन्हळीला लोंबकळणारे वानर पाहिलेले नसते.

आता आपला मूळ वाद. जस्ती पत्रा वाईट नाही. तो मजबूत आहे, कोणीही कारागीर तो वाकवून देतो, जुन्या पद्धतीने डाख देऊन सांधा पक्का करता येतो आणि वानराच्या वजनाने तो मोडत नाही. त्याचा शत्रू खारा वारा. जस्ताचा थर लोखंडाच्या आधी स्वतः झिजून लोखंडाला वाचवतो, म्हणून थर जितका जाड तितके आयुष्य. बाजारात दर चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्ताचा पत्राही मिळतो आणि २७५ ग्रॅमचाही; दोन्ही नवे असताना सारखेच चमकतात, म्हणून दुकानात केवळ गेज, म्हणजे पत्र्याची जाडी, न विचारता जस्त किती ते विचारावे. आपल्या घराला २४ गेजपेक्षा पातळ पत्रा घेऊ नये. जिथे पत्रा कापला किंवा भोक पाडले तिथे जस्त निघून गेलेले असते आणि गंज तिथूनच धरतो. रंगीत पत्र्याचेही तेच आहे: मधला भाग वर्षानुवर्षे नवा दिसतो आणि कापलेल्या कडा तांबूस होऊ लागतात. पत्रा घेतलाच तर आतून डांबरी रंगाचा हात द्यावा आणि दर दोन-तीन वर्षांनी तो पुन्हा द्यावा; पण ज्या बाजूचे पाणी पिण्याच्या टाकीत जाणार, तिथे डांबर लावू नये.

पीव्हीसी गंजत नाही, आणि समुद्रापासून दोन किलोमीटरवर हा गुण फार मोठा आहे. मात्र पीव्हीसी म्हणून दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक, खास पन्हळीसाठी बनवलेली, उन्हाला टिकणारे मिश्रण असलेली, कडेला वळ असलेली यूपीव्हीसीची पन्हळ, जिच्या सांध्यात रबर असते. दुसरी, ६ इंची सांडपाण्याचा पाइप मधोमध चिरून केलेली. दुसरी स्वस्त पडते आणि आपल्याकडे गावोगावी तीच दिसते. पण पाइपाची ताकद त्याच्या गोलाईत असते. तो चिरला की दोन्ही कडा मोकळ्या होऊन फाकू लागतात, उन्हाने पांढऱ्या पडतात, आणि चार-पाच उन्हाळ्यांनी झावळ पडली की काचेसारखा तुकडा उडतो. गोठ्याला ती चालेल. राहत्या घराला नको.

पीव्हीसीबद्दल आणखी एक गोष्ट मिस्त्री हमखास विसरतात. ते उन्हात लांबते. ६ मीटर लांबीची पीव्हीसी पन्हळ ३० अंशांच्या फरकाने सुमारे १२ मिलिमीटर लांबते; तेवढीच ॲल्युमिनियमची ४ मिलिमीटर आणि लोखंडी पत्र्याची जेमतेम २ मिलिमीटर. म्हणून पीव्हीसीचे सांधे सगळीकडे सोल्युशनने चिकटवून टाकू नयेत. रबराच्या सांध्यात तिला सरकायला जागा ठेवावी आणि पट्टीत खिळा ठोकून तिला जखडू नये. चिकटवलेली पन्हळ पहिल्याच एप्रिलमध्ये कमानीसारखी वाकते आणि जूनमध्ये नेमकी सांध्यात गळते.

ॲल्युमिनियम हा मला समुद्राजवळ आवडणारा पर्याय आहे: हलके, न गंजणारे, रंग टिकणारे. खर्च जास्त येतो, आणि ते ज्याच्यासोबत लावायचे त्याची निवड काळजीपूर्वक करावी लागते. अगदी सुरुवातीच्या काळात मी एका घराला चांगली ॲल्युमिनियमची पन्हळ साध्या लोखंडी स्क्रूने बसवली होती. तिसऱ्या पावसाळ्यात प्रत्येक स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमली होती आणि भोके बोटभर मोठी झाली होती. खारट ओलीत दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून राहिले की त्यातला एक दुसऱ्यासाठी झिजतो. ते काम मी पदरचे पैसे घालून पुन्हा केले. स्क्रू स्टेनलेसचे घ्यावेत आणि मध्ये रबराची चकती घालावी. तांब्याची पन्हळ कोणी सुचवली तर सुंदर दिसते एवढेच म्हणेन, पण तांब्यावरून आलेले पाणी जस्ती किंवा ॲल्युमिनियमच्या भागावर पडले तर त्याला खाते, आणि बंद घराची तांब्याची पन्हळ पुढच्या गणपतीपर्यंत जागेवर राहील याची हमी मी देणार नाही. पोफळीचे खोड चिरून केलेली पन्हळ आमच्या लहानपणी सर्रास असे. दोन-तीन पावसाळे चाले आणि मग चुलीत जाई. शेतावरच्या मांगराला आजही लावायला हरकत नाही.

तेव्हा आपल्या घरापुरते माझे मत असे आहे. पुढच्या दर्शनी बाजूला आणि जिथून टाकी भरायची आहे त्या बाजूला ६ इंची यूपीव्हीसीची, रबराच्या सांध्यांची पन्हळ बसवावी. या बाबतीत धाकट्या बंधूंचे बरोबर आहे. मूळ छप्पर आणि नंतर वाढवलेली पडवी जिथे आत मिळतात, त्या सांध्यातल्या पन्हळीसाठी मात्र पीव्हीसी मुळीच नको. तिथे दोन छपरांचे पाणी एकत्र येते, गळले तर थेट घरात गळते, आणि वर कौले असल्याने दुरुस्तीला हात पोहोचत नाही. ती जाड ॲल्युमिनियमची किंवा स्टेनलेसची, शक्य तितकी अखंड, निदान फूटभर रुंद करावी आणि पैसा वाचवायचाच असेल तर तो दुसरीकडे वाचवावा. समुद्राजवळ स्टेनलेस घेताना ३०४ ऐवजी ३१६ प्रतीचे मागावे. ३०४ वर खाऱ्या वाऱ्याने तांबूस डाग धरतात.

खाली उतरवलेले पाणी जोत्यापाशी सोडले तर सगळा खटाटोप वाया जातो. पाइप निदान दोन-तीन मीटर पुढे नेऊन पऱ्ह्याकडे (ओहोळाकडे), बागेच्या पाटात किंवा भिंतीपासून दूर खणलेल्या शोषखड्ड्यात सोडावा. काम संपल्यावर मिस्त्रीचा हिशेब चुकता करण्याआधी छपरावर नळी सोडून दहा मिनिटे पाणी वाहू द्यावे आणि स्वतः शिडीवर चढून पन्हळीत पाणी कुठे थांबते का ते पाहावे. उन्हाळ्यात केलेल्या कामाची परीक्षा एरवी थेट मृगात होते, आणि तेव्हा मिस्त्री फोन उचलत नाही.

साफसफाई वर्षातून तीनदा लागते: मेअखेर, जुलैच्या मध्यावर आणि पाऊस संपताना. पन्हळीवर आख्खी जाळी बसवण्याचा आग्रह हल्ली पुष्कळ होतो, पण चिंचेचे आणि शेवग्याचे बारीक पान जाळीवर चिकटून तिची चटई होते आणि पाणी वरच्यावर निघून जाते. पाइपाच्या तोंडावर फक्त घुमटासारखी जाळी ठेवावी.

मागच्या बाजूला फणस आहे आणि वर्षातले दहा महिने घर बंद असते, असेही आपण लिहिले आहे. त्या बाजूला पन्हळ बसवूच नये. जुलैत तिथे शिडी लावायला कोणी नसेल, आणि पानांनी भरलेली पन्हळ ही पन्हळ नसण्यापेक्षा वाईट असते. त्याऐवजी वळचणीला कौलांची एक ओळ वाढवता येते का ते सुताराला विचारावे, आणि पागोळी पडते त्या रेषेत दोन फूट रुंदीची, भिंतीकडून बाहेर उतार असलेली चिऱ्यांची पट्टी घालून तिच्यावर मोकळे गुंडगोटे पसरावेत, म्हणजे शिंतोडा उडण्याआधीच फुटतो. आजोबांच्या वेळची अशी पट्टी तिथे मातीखाली गाडली गेलेली असण्याचीही शक्यता आहे. नवे चिरे आणण्याआधी फावड्याने वीतभर खणून पाहावे.